चारशे डॉलरच्या आत, रोज जवळ ठेवायला कुठली गन घेऊ?

पत्र थोडक्यात असं: टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहणारी एक मैत्रीण, वय ४१, आता अमेरिकन सिटिझन. एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे, आठवड्यातले काही दिवस रात्री दहाला दुकान बंद करून एकटीच पार्किंग लॉट ओलांडून गाडीपर्यंत जाते. गेल्या महिन्यात त्याच प्लाझातल्या शेजारच्या दुकानात बंदूक दाखवून कॅश लुटली आणि तेव्हापासून तिला धड झोप नाही. बरोबर काम करणारी एकजण म्हणाली, "तीनशे डॉलरात छान छोटी गन मिळते, पर्समध्ये टाकायची आणि विसरून जायचं." नवरा म्हणतो घे, पण विचार करून घे. घरी मुलगी ८ वर्षांची, मुलगा १५ चा ("तो हल्ली खोलीतच असतो, फार बोलत नाही, पण या वयात असंच असतं ना"). सासू-सासरे दरवर्षी पुण्याहून येतात ते चांगले पाच-सहा महिने राहतात. बजेट ४०० डॉलर. शेवटी ती लिहिते: "ताई, भरवशाची आणि परवडणारी अशी कुठली घेऊ? मला फक्त नाव सांगा."

---

प्रिय मैत्रिणी,

आधी हे सांगते की तुझी भीती खोटी नाही. रात्री दहा वाजता रिकाम्या पार्किंगमधून एकटीने चालत जाणं, तेही फार्मसीतून, जिथे लोक कॅशपेक्षा पेनकिलर्ससाठी घुसतात, यात घाबरण्यासारखं आहेच, त्यामुळे कोणी तुला "उगाच टेन्शन घेतेस" म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नकोस. मी स्वतः टेक्सासमध्ये राहते, लायसन्स काढलंय, गन जवळ ठेवते, नव्याने शिकणाऱ्या बायकांना रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, मदतही करते. तेव्हा मी काही तुला "नको गं बाई ते" म्हणून परत पाठवणार नाहीये. नावं खाली दिली आहेत. फक्त तू नाव विचारण्याआधी चार-पाच गोष्टी धरूनच चालली आहेस आणि त्यातल्या दोन मला फार खटकल्या, म्हणून आधी त्यांच्यावर बोलू.

एक काम कर. आज रात्री कागद घे आणि तुझा कामाचा एक दिवस सकाळी सहापासून लिहून काढ, आणि प्रत्येक तासासमोर लिही की या वेळी गन नेमकी कुठे आहे. अंदाजे नको, नेमकं. सकाळी तू डबे भरतेयस, मुलगी कमरेला मिठी मारतेय, अंगात कुर्ता आणि लेगिंग आहे ज्याला बेल्टच नाही, मग गन कुठे आहे? मुलीला शाळेत सोडायला गेलीस, तिची वॉटर बॉटल राहिली म्हणून द्यायला आत ऑफिसपर्यंत गेलीस, तेव्हा कुठे आहे? शाळेच्या इमारतीत गन नेणं हा टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आहे, विसरले होते म्हणून चालत नाही. आणि हो, आपल्या मंडळाचा गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी कुठे होतो? भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. पैठणी नेसून, पर्समध्ये गन "विसरून" तिथे गेलीस तर काय होईल ते तूच बघ.

मग दुपारी दुकान. तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही म्हणून विचारते, तुझ्या कंपनीचं हँडबुक वाचलंस का? फार्मसी, रिटेल, हॉस्पिटल अशा बहुतेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना कामावर हत्यार आणू देत नाहीत, पांढऱ्या कोटाच्या आत सापडलं तर थेट नोकरी जाते. टेक्सासच्या कायद्याने एवढंच आहे की कायदेशीर गन तू तुझ्या लॉक केलेल्या गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवलीस तर बहुतेक कंपन्यांना तेवढं अडवता येत नाही. म्हणजे तुझी गन दिवसभर कुठे? गाडीत. आणि रात्री दहाला तू ज्या अंतराला घाबरतेस, दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत, त्या अंतरात गन कुठे? तरी गाडीतच! ती तुझ्या हातात येणार तू तिथे सुखरूप पोहोचल्यावर.

मला हेच सगळ्यात आधी सांगायचं होतं, कारण याचं उत्तर कुठल्याच मॉडेलमध्ये नाहीये. वर आणखी एक, दिवसभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांमधून गन चोरीला जाण्याचं प्रमाण या देशात प्रचंड आहे, आणि तू ज्यांना घाबरतेस त्यांच्याच हातात ती पोहोचते. गाडीत ठेवायचीच असेल तर सीटच्या खाली केबलने बांधलेल्या स्टीलच्या लॉकबॉक्समध्ये, ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये कधीच नाही.

तर त्या अंतराचं काय करायचं? याच आठवड्यात मॅनेजरला ईमेल लिही, तोंडी नको, लेखी. बंद करताना दोन माणसं असावीत आणि दोघांनी बरोबर बाहेर पडावं. रात्रीच्या शिफ्टवाल्यांना गाडी दाराजवळ, दिव्याखाली लावू द्यावी. बंद पडलेले दिवे प्लाझाच्या मालकाकडून दुरुस्त करून घ्यावेत. काचेवर चिकटवलेल्या जाहिराती काढाव्यात म्हणजे बाहेरून आतलं आणि आतून बाहेरचं दिसेल. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांसाठी ओशाने, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या फेडरल खात्याने, अशाच सूचना छापलेल्या आहेत, त्याचा उल्लेख ईमेलमध्ये कर, मॅनेजर लोक त्याने जरा जागे होतात. शेजारी दरोडा पडलाय, म्हणजे तुझ्याकडे कारणही ताजं आहे. ओपिऑइड्ससाठी, म्हणजे त्या कडक पेनकिलर्ससाठी, टाइम-डिले सेफ आहे का विचार, नसेल तर माग, असेल तर त्याची पाटी दर्शनी भागात लावायला सांग, कारण कोड टाकूनही लगेच उघडत नाही हे कळलं की येणारा माणूस तिथे थांबायचं टाळतो. आणि आत कोणी गन दाखवलीच तर औषधाच्या गोळ्या देऊन टाकायच्या. सगळ्या.

पेपर स्प्रे पंधरा-वीस डॉलरला मिळतो, टेक्सासमध्ये छोटा स्व-संरक्षणाचा कॅन कायदेशीर आहे. जेलवाला घे, वाऱ्यात उलटा तुझ्याच तोंडावर कमी येतो. तोही कंपनी चालवून घेते का हे त्या हँडबुकात बघून घे, मात्र चालत असेल तर त्या दीड-दोन मिनिटांच्या चालण्यात हातात धरलेला पेपर स्प्रे हा गाडीतल्या कुठल्याही पिस्तुलापेक्षा जास्त कामाचा आहे.

आता दुसरी खटकलेली गोष्ट, आणि ही लिहिताना मी जरा थांबून थांबून लिहितेय. तुझा मुलगा. तू त्याच्याबद्दल कंसात एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस. कदाचित खरंच वयाचं असेल, पंधराव्या वर्षी मुलं दार लावून घेतातच. पण घरात गन आणण्याआधी ही ओळ कंसातून बाहेर काढ. अमेरिकेत २०२१ मध्ये गनमुळे ४८,८३० माणसं गेली आणि त्यातली अर्ध्याहून जास्त, ५४ टक्के, आत्महत्या होत्या. आपण टीव्हीवर दरोडे आणि शूटिंग बघतो आणि गनचा धोका म्हणजे बाहेरून येणारा माणूस असंच डोक्यात बसतं, पण आकडे घराच्या आत बोट दाखवतात. गनने केलेल्या दहापैकी नऊ प्रयत्नांत माणूस वाचत नाही, दुसऱ्या बहुतेक मार्गांत परत फिरायला वेळ मिळतो, वाचलेल्यांपैकी बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने जात नाहीत. आणि हे फक्त मुलाबद्दल नाही. कॅलिफोर्नियात अडीच कोटींहून जास्त प्रौढांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात हँडगन असलेल्या बायकांमध्ये गनने आत्महत्या होण्याचं प्रमाण गन नसलेल्या बायकांच्या ३५ पट निघालं. तू स्वतः लिहितेस की महिनाभर झोप नाही. म्हणून तुलाही विचारते, तू कशी आहेस गं?

मुलाशी बोल. "काय रे, सगळं ठीक ना" असं दारातून नाही, गाडीत, बाजूला बसून, सरळ विचार की तुला कधी जगावंसं वाटत नाही असं होतं का. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही. पीडिऍट्रिशियनला सांग, शाळेच्या काउन्सेलरला सांग. रात्री-अपरात्री कधी वाटलं तर ९८८ हा नंबर २०२२ पासून देशभर चालतो, फोन करा किंवा टेक्स्ट. आणि जोपर्यंत तुला "हो, तो खरंच बरा आहे" असं मनापासून म्हणता येत नाही तोपर्यंत माझं उत्तर स्पष्ट आहे, घरात गन आणू नकोस. ज्यांच्या घरात आधीच आहे आणि घरातलं कोणी सध्या खचलेलं आहे त्यांनाही हेच सांगते, काही आठवडे-महिने गन घराबाहेर ठेवायची सोय करा, काही गन शॉप्स आणि रेंजेस ठेवून घेतात, चौकशी करा.

पर्सबद्दल तर मी ठाम आहे. पर्समध्ये गन ठेवायची नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोमधल्या हेडन गावात एक आई मुलांना घेऊन दुकानात खरेदी करत होती, तिच्याकडे परमिट होतं, तिला गनची सवय होती, पर्ससुद्धा गनसाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली होती, ख्रिसमसला भेट मिळालेली. शॉपिंग कार्टमध्ये बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने तो कप्पा उघडला, गोळी सुटली आणि ती जागीच गेली. निष्काळजी बाई नव्हती ती. पर्स आपण खुर्चीला लटकवतो, कार्टमध्ये ठेवतो, मुलांना "माझ्या पर्समधून च्युइंगगम घे रे" म्हणतो, आणि चोर पहिल्यांदा पर्सच ओढतो. तुझ्याबरोबर काम करणारीने जे "विसरून जायचं" म्हटलं ना, गन जवळ असताना नेमकं तेच कधी करायचं नसतं.

सासू-सासऱ्यांचा मुद्दा आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. आई येतात आणि पहिल्या आठवड्यात तुझी सगळी कपाटं आवरून ठेवतात, ब्लाउजच्या घडीखालचं, पुस्तकांमागचं, सगळं त्यांच्या हाताला लागतं. त्यात व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेत गन बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, एच-१बी आणि एफ-१ वाल्यांनाही तीच, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. म्हणून घरात असलेली गन अशा तिजोरीत हवी की जिचा कोड तुला आणि फार तर नवऱ्याला माहीत आहे. पाहुण्यांना कौतुकाने हातात देऊन फोटो काढणं बंद. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ग्रीन कार्ड असेल तर गन घेता येते, पण फायरआर्म्सचा गुन्हा सिद्ध झाला तर तो थेट डिपोर्टेशनचं कारण होऊ शकतो, त्यामुळे दुकानात गन घेताना ४४७३ नावाचा सरकारी फॉर्म भरताना प्रत्येक प्रश्न नीट वाचून खरं उत्तर द्या. आणि एच-१बीवरच्या भावासाठी सिटिझन बहिणीने आपल्या नावावर गन घेणं हा "ऍडजस्टमेंट"चा प्रकार नाही, तो फेडरल गुन्हा आहे.

मुलांच्या बाबतीत टेक्सासचा कायदाही लक्षात ठेव. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली आणि ती तू नीट बंद करून ठेवली नव्हतीस, तर गुन्हा तुझ्यावर. तुझी दोन्ही मुलं त्यात येतात.

बरं. समजा मुलगा बरा आहे, कंपनी परवानगी देते किंवा तू नोकरीच बदलतेयस, तिजोरी घ्यायची तयारी आहे, आणि तरी तुला गन हवी आहे. तो तुझा हक्क आहे आणि निर्णयही तुझाच, मग आता मनापासून मदत करते.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन जवळ ठेवता येते. म्हणून लोक लायसन्स काढत नाहीत. तू काढ. फी ४० डॉलर. चार ते सहा तासांचा क्लास असतो, त्यात बळ कधी वापरता येतं आणि कधी नाही, भांडण कसं विझवायचं, गन कशी ठेवायची हे शिकवतात, आणि नंतर ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. अजून एक कारण आहे ते बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं, फेडरल कायद्याप्रमाणे शाळेच्या हजार फुटांच्या आत भरलेली गन गाडीत असणं हाही गुन्हा आहे आणि त्यातून सूट राज्याचं लायसन्स असलेल्याला मिळते, लायसन्सशिवाय गन बाळगणाऱ्याला मिळत नाही. तू तर रोज शाळेच्या ड्रॉप-ऑफ लाइनमध्ये असतेस.

आता गन. तुझ्याबरोबर काम करणारीची "छान छोटी" ही कल्पना पहिल्यांदा सोड. सगळ्यात छोटी आणि हलकी गन बायकांसाठी सोपी असते असं दुकानदारसुद्धा सांगतात, पण होतं उलटं. वजन कमी म्हणून धक्का जास्त, मूठ छोटी म्हणून करंगळी हवेत, आणि दोन साइट्समधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं, अंतर कमी म्हणून नेम चटकन चुकतो. रुगर एलसीपीसारखी .३८० ची (हा गोळीचा आकार) खिशातली पिस्तुलं चांगली बनवलेली आहेत, स्वस्त आहेत, पण त्यांनी चांगलं मारायला भरपूर सराव लागतो आणि सराव नकोसा वाटेल इतकी ती हाताला टोचतात. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसन ६४२ किंवा रुगर एलसीआर, तेही नवशिक्यांच्या गळ्यात घालतात. त्याला जाम वगैरे भानगड कमी हे खरं, पण ट्रिगर जड असतो आणि हलक्या फ्रेमचा दणका मनगटात बसतो. नवीन माणसाला मी बहुतेक वेळा ९ एमएमचं, थोडं मोठं, पातळ पिस्तूल सुचवते. स्व-संरक्षणाच्या पिस्तुलांमध्ये ९ एमएमची सरावाची गोळी स्वस्त पडते, ५० चा डबा साधारण पंधरा डॉलरच्या आसपास, आणि सराव परवडला तरच गन परवडली.

नावं. स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, सिग पी३६५, ग्लॉक ४३एक्स, या तिन्ही रोज जवळ ठेवण्यासाठीच बनवलेल्या, खूप लोक वापरतात म्हणून होल्स्टर (गन अंगावर धरून ठेवणारं म्यान) आणि मॅगझीन (गोळ्या भरायची डबी) कुठेही मिळतात, नवीन घेतल्या तर साधारण चारशे ते साडेपाचशे. जुनी शील्ड, २०१२ मध्ये आलेलं पहिलं मॉडेल, सेकंडहँड बरीच खाली मिळते आणि तुझ्या बजेटमध्ये माझी पहिली पसंती तीच, चांगल्या लायसन्सवाल्या दुकानातून, पार्किंग लॉटमध्ये कोणा अनोळखी माणसाकडून नाही. नवीनच आणि तीनशेच्या आसपास हवी असेल तर टॉरस जी३सी आहे, ब्राझीलची कंपनी, आधीच्या काही मॉडेल्सवरून त्यांना अमेरिकेत मोठा दावा मिटवावा लागला होता हे खरंय, जी३सी वापरणारे पुष्कळ जण समाधानी आहेत, पण ती घेतलीस तर खालची टेस्ट जास्त कडक कर. आणि तुला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढायलाच जड जात असेल, बऱ्याच जणींना जातं, तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी बघ, तिची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवली आहे. फक्त ९ एमएमच्या ईझीमध्ये २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या हॅमर नावाच्या भागावरून रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने गन परत मागवल्या होत्या, सेकंडहँड असेल तर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ. कुठल्याही ब्रँडच्या जुन्या गनचं हे करायचंच, नाव मोठं असलं म्हणजे रिकॉल होत नाही असं नाही.

पण यातली एकही आज विकत घेऊ नकोस. रेंजवर जा, तिथे गन भाड्याने मिळतात, दहा-वीस डॉलरला. दोन-तीन मॉडेल एकाच दिवशी मारून बघ. बघायचं काय? मूठ धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोहोचतं का. मॅगझीनचं बटण मूठ फार न फिरवता अंगठ्याने दाबता येतं का. स्लाइड ओढताना नुसतं बोटांनी चिमटीत धरून ओढू नकोस, गन छातीजवळ आण, डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवर ठेव आणि उजव्या हाताने गन पुढे ढकल, तोंड कायम समोर रेंजच्या दिशेने. असं केल्यावर "मला जमतच नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना ते जमतं. आणि पन्नास गोळ्यांनंतर हात कसा आहे ते बघ, पहिल्या पाचांवर काही ठरवू नकोस.

भरवसा म्हणशील तर तो रिव्ह्यू वाचून येत नाही, तुझ्या हातातल्या त्या एका नगाला तपासून येतो. घेतल्यावर साफ करून, तेल देऊन, किमान दोनशे साध्या गोळ्या आणि जी जवळ ठेवणार ती हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी एक-दोन डबे, न अडकता गेल्या पाहिजेत. अडकली तर पहिला संशय मॅगझीनवर घे, दुसरं लावून बघ, मॅगझीनवर पेनने नंबर टाकून ठेव म्हणजे कुठलं त्रास देतंय ते कळतं. मग तुझी पकड बघ, मनगट सैल असेल तर चांगली पिस्तुलंही अडकतात. तरी अडकत असेल तर कंपनीकडे परत, आणि ती ठीक होईपर्यंत जवळ ठेवायची नाही.

पैशाचं गणित मी मांडते, कारण "परवडणारी" हा तुझा शब्द आहे. गन तीनशे ते साडेचारशे, त्यावर सेल्स टॅक्स. होल्स्टर पन्नास ते ऐंशी, कायडेक्सचा (कडक प्लास्टिकचा), ट्रिगर पूर्ण झाकणारा, त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेला. दहा डॉलरचा सगळ्यांना बसणारा कापडी होल्स्टर नको, त्यात ट्रिगर दाबला जाऊ शकतो. घट्ट बेल्ट चाळीस, किंवा कुर्ता-लेगिंगवर जायचं असेल तर कडक होल्स्टर बसवता येईल असा कमरपट्टा. पटकन उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट केलेली छोटी तिजोरी शंभर-दोनशे. क्लास आणि लायसन्स मिळून शंभर-सव्वाशे. सुरुवातीच्या गोळ्या शंभरच्या वर. झाले की आठशे-नऊशे. तुझ्याकडे चारशे आहेत, मग पहिले चारशे असे खर्च कर: क्लास, लायसन्स, भाड्याच्या गन्सवर रेंजच्या काही फेऱ्या, आणि तिजोरी. गन त्यानंतर, पैसे साठवून. मधल्या महिन्यांत पेपर स्प्रे आणि बरोबर चालणारी सहकारी आहेच, आणि शिकता शिकता तुला हे मुळात हवंय का तेही कळेल. क्लास करून "नाही, हे माझं काम नाही" म्हणून परत फिरलेल्या बायका मी बघितल्या आहेत, त्यांचे पैसे वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

घेतलीस तर दर महिन्याला रेंज, शक्य नसेल तर दोन महिन्यांतून एकदा. घरी आलीस की कमरेवरून थेट तिजोरीत, डायनिंग टेबल नाही, फ्रिजवर नाही, "दोन मिनिटं" नाही. मुलीला शिकव की कुठेही, मैत्रिणीच्या घरी सुद्धा, गन दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, पण तिला शिकवलंय म्हणून तिजोरी उघडी ठेवायची नाही. प्लेडेटला पाठवताना समोरच्या आईला "तुमच्याकडे गन आहे का, कशी ठेवता" विचारायला लाजू नकोस, मी तर ऍलर्जीबरोबर त्याच दमात विचारते.

प्रवासाचं शेवटचं. टेक्सासचं लायसन्स बऱ्याच राज्यांत चालतं पण न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात चालत नाही. एडिसनला मावशीकडे किंवा बे एरियात बहिणीकडे जाताना गन घरी तिजोरीत. न्यू जर्सीत तर हॉलो पॉइंट गोळ्यांवरही बंधनं आहेत. आणि भारतात जाताना रेंजवर नेलेली कुठलीही बॅग, जॅकेट, पर्स घेऊन जाऊ नकोस. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्ली एअरपोर्टच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स ऍक्ट, १९५९ खाली एफआयआर होतो, पुढे "चुकून राहिलं" हे कोर्टात जाऊन सिद्ध करत बसावं लागतं, सुट्टी त्यातच जाते आणि पासपोर्टवरच्या पुढच्या व्हिसांनाही त्रास. रेंजसाठी एक वेगळी बॅग ठेव, भडक रंगाची, आणि ती बाकी कशालाही वापरू नकोस.